उमरावाची हिरवळ

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं, कांहींनीं आवडीनें व कांहींनीं परीक्षेच्या धाकानें, वाचलेली असेलच. १८१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या कादंबरींत नायिका आपल्या मामामामींबरोबर डार्बीशर परगण्यांत उन्हाळी प्रवासास जाते, आणि ज्या गृहस्थाची मागणी तिनें कांहीं महिन्यांपूर्वीं धुडकावून लावली, त्याच्याच वाड्यांत पाहुणी म्हणून नव्हे तर प्रेक्षक म्हणून शिरते. मालक घरीं नाहीं याची तिनें आधीं खात्री करून घेतलेली असते. वयस्क घरकारभारीण एकामागून एक दालन दाखविते, मालकाचे गुण गाते, आणि मग मंडळींस माळ्याच्या स्वाधीन करते. कथानकास येथूनच वळण मिळतें हें खरें. पण आम्हांस पहिल्या वाचनापासून कुतूहल वाटत आलें तें वेगळ्याच गोष्टीचें. परक्याच्या राहत्या घरीं, ओळखदेख नसतां, नुसतें दार ठोठावून ‘आम्हांस वाडा पाहावयाचा आहे’ असें म्हणावें, आणि नोकरांनींही तें रोजचेंच काम असल्याप्रमाणें आंत घ्यावें, हा काय प्रकार असावा?

लेखिकेनें हा प्रकार कल्पनेनें रचलेला नाहीं. अठराव्या शतकाच्या इंग्लंडांत ही रूढ चाल होती. मोठ्या उमरावांचे खेड्यापाड्यांतले वाडे पाहणें हा सुखवस्तु मंडळींच्या उन्हाळी प्रवासाचा एक नेमाचा भाग झाला होता, आणि त्या परगण्यांतील पाहण्याजोग्या स्थळांच्या मालिकेंत ऑस्टिन स्वतःच चॅट्सवर्थचें नांव घेते. चाल होती खरी, पण तिला कुंपणही होतें. अंगावर बरे कपडे आणि दाराशीं स्वतःची किंवा भाड्याची कां होईना, पण घोडागाडी असावी लागे. जातां जातां कारभारणीच्या हातावर नाणें ठेवावें लागे. उमराव हें सर्व कां चालवून घेत, असा प्रश्न आपणांस पडेल. आमच्या मतें यांत औदार्य कमी आणि हिशेब अधिक. हे वाडे राहण्यापेक्षां दाखविण्यासाठींच बांधलेले असत. परगण्यांतील मतें, मान आणि सोयरीक या तिहींचा संबंध वाड्याच्या बोलबाल्याशीं असे, आणि न पाहिलेल्या वाड्याचा बोलबाला होणार कसा? मात्र हीच चाल पुढें आगगाडीच्या युगांत गिरणींतल्या मजुरांपर्यंत पोंचली, तेव्हां तिचें रूप पार बदललें. उन्हाळ्याच्या एका दिवसापुरती टोपली घेऊन उमरावाच्या हिरवळीवर बसणें, या साध्या गोष्टीचा इतिहास चॅट्सवर्थच्या निमित्तानें सांगावा असा आमचा विचार आहे.

डर्वेंट नदीच्या कांठीं, मागें झाडीनें भरलेली टेकडी व पुढें मेंढ्या चरत असलेलें कुरण, अशा जागीं हा प्रासाद उभा आहे. हार्डविकची बेस या नांवानें इतिहासास माहीत असलेल्या, चार लग्नें केलेल्या आणि प्रत्येक लग्नागणिक अधिक श्रीमंत झालेल्या एका करारी स्त्रीनें व तिचा दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश यानें १५४९ सालीं ही जमीन घेतली व तीनच वर्षांनीं बांधकाम सुरू केलें. स्कॉटलंडची दुर्दैवी राणी मेरी कैदेंत असतांना तिचे बरेच दिवस येथें गेले. पुढें बेसच्या एका वंशजानें १६८७ पासून जुन्या घराची एक बाजू पाडून नवी बांधावयास घेतली. ती मनासारखी झाल्यावर दुसरी, मग तिसरी, असें करतां करतां १७०७ पर्यंत सगळा वाडाच नवा झाला, आणि त्याच वर्षीं बांधणारा वारला. मध्यंतरीं १६८८ च्या राज्यक्रांतींत विल्यमची बाजू घेतल्याबद्दल त्यास डेव्हनशरचा ड्यूक ही पदवी मिळाली होती. सुमारें ३०० खोल्यांचा हा संसार चालण्यास लागणारा पैसा कुळांच्या खंडांतून, शिशाच्या व तांब्याच्या खाणींतून आणि आयर्लंडांतील विस्तीर्ण जहागिरींतून येत असे. वाडा पाहणाऱ्यास यांपैकीं एकही गोष्ट दिसत नसे. एडन्सर नांवाचें गांव वाड्याच्या कुरणांत होतें. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाअखेर तें मूळ जागेवरून काढून वाड्यांतून दिसणार नाहीं अशा बेतानें नव्यानें वसविण्यांत आलें. नवीं घरें जुन्यांहून पुष्कळ चांगलीं होतीं, हें नमूद केलें पाहिजे. पण गांव हलविला तो घरें चांगलीं नव्हतीं म्हणून नव्हे.

आमच्या गोष्टीचा नायक म्हणावयाचा तर सहावा ड्यूक, विल्यम स्पेन्सर कॅव्हेंडिश. जन्म १७९०, गादीवर आला १८११ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं. कानानें काहींसा बहिरा, जन्मभर अविवाहित, आणि खर्चाच्या बाबतींत कोणाचेंही ऐकून न घेणारा. १८२६ सालीं त्यानें लंडननजीकच्या चिझिक येथील बागायत-संस्थेच्या बागेंतून बावीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा आपला मुख्य माळी म्हणून उचलला. त्याचें नांव जोसेफ पॅक्स्टन. नोकरीच्या पहिल्या दिवसाची हकीकत पॅक्स्टननें स्वतः लिहून ठेविली आहे, ती मोठी गमतीची आहे. पहांटे साडेचारच्या सुमारास तो चॅट्सवर्थला पोंचला तेव्हां सगळें घर निजलेलें होतें. मग गडी भिंतीवरून चढून आंत उतरला, सारी बाग फिरून पाहिली, सहा वाजतां आलेल्या माणसांस कामास लावलें, कारंजीं सोडवून पाहिलीं, आणि घरकारभारणीकडे न्याहारीस गेला असतां तिच्या भाचीच्या प्रेमांत पडला. हें सर्व सकाळीं नऊच्या आंत! पुढल्याच वर्षीं त्या मुलीशीं त्याचें लग्न झालें.

ड्यूक आणि माळी या जोडीनें पुढलीं तीस वर्षें जें केलें त्याचें वर्णन करूं लागलों तर मासिकाचा अंक पुरणार नाहीं. टेकडीवरून पायऱ्यापायऱ्यांनीं उतरणारा जुना धबधबा तर होताच. त्याच्या पायऱ्यांचीं चोवीस टप्पे निरनिराळ्या मापांचे, कीं जेणेंकरून पाण्याचा आवाज प्रत्येक ठिकाणीं वेगळा यावा. पाहुण्यांची फजिती करण्यासाठीं सतराव्या शतकाअखेर केलेलें एक धातूचें झाडही होतें. जवळ जातांच त्याच्या फांद्यांतून पाण्याच्या चिळकांड्या उडत. १८३२ सालीं तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया येथें आली होती, तेव्हां तिला या झाडाची मोठी मौज वाटली. रशियाचा झार पहिला निकोलस भेटीस येणार अशा समजुतीनें १८४३-४४ मध्यें पॅक्स्टननें वाड्यामागच्या पठारावर, सुमारें ३५० फूट उंचीवर, आठ एकरांचें तळें खणलें आणि त्याच्या दाबावर चालणारें एक कारंजें उभारलें. काम सहा महिन्यांत उरकावयाचें म्हणून मजूर रात्रीं कंदिलांच्या उजेडांत खणत होते. या कारंजाचें पाणी २९६ फुटांपर्यंत चढल्याची नोंद आहे. झार इंग्लंडांत आला, पण चॅट्सवर्थला फिरकला नाहीं. कारंजास मात्र ‘सम्राट’ हेंच नांव राहिलें, आणि ज्यासाठीं तें केलें त्याच्याऐवजीं तें पाहण्याचें भाग्य लवकरच नॉटिंगहॅमच्या लेस विणणाऱ्यांस लाभलें.

कारण या ड्यूकची एक आज्ञा त्या काळच्या बागायतीच्या मासिकांत कौतुकानें छापली गेली होती. वाडा आणि बाग वर्षाचे सर्व दिवस, रविवारसुद्धां, सकाळीं दहापासून संध्याकाळीं पांचपर्यंत कोणासही पाहावयास मोकळी असावी. आणि येणारा कितीही गरीब असो, त्याच्यासाठीं कारंजीं सोडण्यांत यावीं. गाडीचें व कपड्यांचें कुंपण येथें निदान कागदावर तरी मोडलें. ड्यूकनें हें कां केलें? माणूस मनाचा मोकळा होता, आणि आपली बाग लोकांनीं पाहून थक्क व्हावें ही हौसही त्याला होती. कोणाच्याही औदार्यांत हौसेचा अंश असतोच. तेवढ्यावरून त्यास नांवें ठेवावीं असें आम्हांस वाटत नाहीं.

बागेंतील सर्वांत मोठें आश्चर्य म्हणजे १८३६ ते १८४० या काळांत उभारलेलें प्रचंड काचगृह. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट, उंची ६७ फूट. मधून घोडागाडी जाईल एवढा रस्ता. १८४३ सालीं राणी झालेली व्हिक्टोरिया पुन्हा आली तेव्हां आंत बारा हजार दिवे लावले होते आणि ती त्यांतून गाडींत बसून गेली. बाहेर डार्बीशरचा हिंवाळा आणि आंत विषुववृत्तावरील अरण्य, असा हा चमत्कार आठ बाष्पपात्रांच्या जिवावर चालत असे. त्यांस लागणारा कोळसा मात्र जमिनीखालच्या बोगद्यांतून येई, कारण कोळशाची गाडी व ती ओढणारा माणूस पाहुण्यांच्या दृष्टीस पडतां कामा नये. एडन्सर गांव आणि हा बोगदा या दोन गोष्टी एका जागीं ठेवल्या म्हणजे चॅट्सवर्थच्या सौंदर्याची रचना ध्यानांत येते.

या काचगृहासाठीं पृथ्वीच्या चारी कोपऱ्यांतून झाडें आणवीत. १८३५ सालीं जॉन गिब्सन नांवाच्या तरुण माळ्यास हिंदुस्थानांत पाठविलें. तो कलकत्त्यास उतरून खासी टेकड्यांत हिंडला आणि १८३७ मध्यें आमरांच्या असंख्य जाती व ब्रह्मदेशांतील ॲम्हर्स्टिया या सुंदर वृक्षाचीं रोपें घेऊन परतला. त्याच्या पाठोपाठ उत्तर अमेरिकेंत पाठविलेले दोघे तरुण मात्र १८३८ सालीं कोलंबिया नदींत बुडून मेले. ड्यूकला त्याचें फार वाईट वाटलें असेल यांत शंका नाहीं. पण एका दुपारच्या सहलीस आलेल्या प्रेक्षकास फुलाकडे पाहून ही हकीकत कळावी तरी कशी?

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण तिचा संबंध थेट आमच्या खानदेशाशीं पोंचतो. दक्षिण चीनमधून मॉरिशसमार्गें इंग्लंडांत आलेल्या एका बुटक्या केळीचें रोप पॅक्स्टननें मिळविलें व १८३० च्या सुमारास चॅट्सवर्थच्या काचेखालीं लावलें. १८३५ सालीं तिला फुलोरा आला, आणि पॅक्स्टननें आपल्या धन्याच्या आडनांवावरून तिचें नांव ठेविलें कॅव्हेंडिश. या केळीचीं कांहीं रोपें पुढें मिशनऱ्यांबरोबर प्रशांत महासागरांतील बेटांवर गेलीं. विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा रोगानें जगाच्या बाजारांतील जुनी ग्रो मिशेल जात बुडविली, तेव्हां तिची जागा याच गटानें घेतली. जळगांवकडे पिढ्यान्‌पिढ्या लावली गेलेली बसराई ही कॅव्हेंडिश गटांतलीच बुटकी जात. ती चॅट्सवर्थहून आली असें कोणीं समजूं नये. आशियाची केळ आशियांत होतीच. पण शास्त्राच्या पुस्तकांतून तिला नांव मिळालें तें डार्बीशरच्या एका उमरावाचें, आणि सावदा-रावेरच्या शेतकऱ्यास त्याचा पत्ताही नाहीं!

आतां आगगाडीकडे वळूं. ५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक नांवाच्या मद्यपाननिषेधक सुताराने लेस्टरहून लफबरोपर्यंत एक खास गाडी ठरविली. सुमारें पांचशें माणसें, जाण्यायेण्याचें भाडें एक शिलिंग. प्रवासाच्या धंद्याचा हा श्रीगणेशा म्हणून सगळीकडे सांगतात. तीं पांचशें माणसें लफबरोस उतरून गेलीं कोठें, हें मात्र कोणी फारसें सांगत नाहीं. तीं गेलीं पॅजेट नांवाच्या एका श्रीमंत गृहस्थाच्या खासगी उद्यानांत. तेथें चहाफराळ झाला, खेळ झाले, दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यानें झालीं, आणि मंडळी परतली. म्हणजे आधुनिक सहलींतली पहिली पंगत बसली तीच मुळीं कोणाच्या तरी मेहेरबानीच्या हिरवळीवर. शहरांत बसावयास दुसरी हिरवळ होती कोठें?

१८४९ सालीं रेल्वे चॅट्सवर्थपासून तीन मैलांवरील रोझ्लीपर्यंत आली. त्या स्टेशनाची इमारत पॅक्स्टनच्याच आराखड्याची, आणि रेल्वेच्या धंद्यांतही त्याचें चांगलेंच अंग होतें. तेव्हां माळ्यानें बाग केली आणि माळ्यानेंच गिऱ्हाईक आणलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. त्या उन्हाळ्यांत सुमारें ८०,००० माणसें वाडा व बाग पाहून गेलीं असें सांगतात. हा आकडा क्षणभर डोळ्यांपुढें आणून पाहावा. डार्बीचे रेशमाचे कामगार, लेस्टरचे मोजे विणणारे, नॉटिंगहॅमच्या लेसच्या कारखान्यांतल्या पोरी, आठवड्याचे सहा दिवस ज्यांनीं यंत्राच्या खडखडाटाशिवाय कांहीं ऐकलें नाहीं अशीं हीं माणसें पहांटे उठून, स्वच्छ कपडे घालून, पाव आणि डुकराचें मांस फडक्यांत बांधून गाडींत बसत. रोझ्लीस उतरल्यावर ज्यांना परवडे ते भाड्याच्या गाडींत, बाकीचे पायीं, मुलें खांद्यावर घेऊन नदीच्या कांठानें वाड्याकडे निघत. आंत रांगेनें दालनें पाहावयाचीं. एका दालनांत अर्धवट उघड्या दारामागें व्हायोलिन टांगलेलें दिसतें. जवळ गेल्यावर कळतें कीं तें खरें नव्हे, दारावर काढलेलें चित्र आहे. यान व्हॅन डर व्हार्ट या चित्रकाराची ही करामत पाहतांना माणसाचा हात आपोआप पुढें होतो. मग बाहेर धबधबा, तें फसवें झाड, सम्राट कारंजें. आणि शेवटीं कुरणांत झाडाखालीं बसून फडकें सोडावयाचें. संध्याकाळच्या गाडीनें परत. दुसऱ्या दिवशीं पुन्हा भोंगा.

या सुखास आम्ही लहान लेखीत नाहीं. दया म्हणून दिलेलें असलें तरी पाण्याचा गारवा तोच असतो, आणि त्या दिवसाची आठवण पुढें वर्षभर पुरत असेल. शिवाय या सहलींनीं एक मोठा भ्रम घालविला. मजुरांस आंत सोडलें तर ते फुलें ओरबाडतील, चित्रें फाडतील, अशी भीति भद्र लोकांस फार होती. १८५१ सालीं पॅक्स्टननेंच, चॅट्सवर्थच्या काचगृहांत शिकलेल्या विद्येवर, लंडनचा स्फटिक-महाल बांधला व तेथील जागतिक प्रदर्शनास साठ लाखांवर भेटी झाल्या, तेव्हां हीच भीति पुन्हा वर्तमानपत्रांतून गाजली होती. दंगा झाला नाहीं. तरीही मेहेरबानी ती मेहेरबानीच. ड्यूकची इच्छा बदलली, वारस कोत्या मनाचा निघाला, घरीं कोणी आजारी पडलें, तर फाटक बंद. आणि तक्रार करावयास जागा नाहीं. ही उणीव त्या काळीं ज्यांच्या ध्यानांत आली त्यांत, चमत्कार पाहा, पुन्हा पॅक्स्टनच होता. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गांवानें सार्वजनिक पैशांतून एक उद्यान करावयाचें ठरविलें व त्याची रचना त्याच्याकडे सोंपविली. १८४७ सालीं तें उघडलें. तेथें तळीं आहेत, वळणावळणाच्या वाटा आहेत, टेकाडें आहेत. चॅट्सवर्थचीच विद्या, पण हिरवळीचा मालक गांव. १८५० मध्यें ऑल्मस्टेड नांवाचा एक अमेरिकन तरुण तें पाहून गेला, आणि पुढें न्यूयॉर्कचें सेंट्रल पार्क आंखतांना त्यास त्याचा उपयोग झाला.

परंतु माणसाचें मन गांवच्या बागेनें भरत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मँचेस्टर व शेफील्ड या दोन धुरकट शहरांतील तरुण मजुरांस रविवारीं डोंगरांत पायीं भटकण्याचें वेड लागलें. मधल्या प्रदेशांत मैलचे मैल मोकळें पठार होतें, त्यांतील सर्वांत उंच किंडर स्काउट. तें दिसे शहरांतून. पण त्यावर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. एकोणिसाव्या शतकांत सामायिक रानें कायद्यानें वांटून खासगी करण्यांत आलीं होतीं, आणि तेथें आतां ग्राउज नांवाच्या, तित्तिरांच्या जातीच्या पक्ष्यांची शिकार राखली जात असे. वर्षांतले थोडे दिवस थोडक्या मंडळींनीं बंदुकी घेऊन जावें, बाकीचे दिवस रखवालदारांनीं काठ्या घेऊन उभें राहावें. किंडरच्या या राखीव रानाचा मालक कोण, तर डेव्हनशरचा ड्यूक. चॅट्सवर्थपासून तें वीस मैलांच्या आंतबाहेर. ज्या घराण्यानें गरिबांतल्या गरिबासाठीं कारंजीं सोडण्याचा हुकूम दिला, त्याच घराण्यानें तेथून दिवसाच्या वाटेवर नुसत्या गवतावर पाय ठेवूं देण्याचें नाकारलें! यांत विसंगति आहे असें प्रथम वाटतें. विचार केला असतां ती नाहींशी होते. दोन्ही ठिकाणीं हुकूम एकाचाच चालत होता.

२४ एप्रिल १९३२ रोजीं हेफील्डजवळच्या खाणीपाशीं सुमारें चारशें तरुण जमले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. मंडळी गाणीं म्हणत वर चढली, वाटेंत रखवालदारांशीं झटापट झाली, एका रखवालदारास इजा झाली, पठारावर शेफील्डच्या बाजूनें आलेल्यांची गांठ पडली, आणि सर्वजण खालीं उतरले. उतरल्यावर पोलिसांनीं सहा जणांस धरलें. नुसतें दुसऱ्याच्या जमिनींत शिरणें हा तेव्हां फौजदारी गुन्हाच नव्हता. म्हणून दंगलीसारखे आरोप ठेवण्यांत आले, आणि जुलैंत डार्बी येथें पांच जणांस दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. ज्यूरींत जमीनदार व लष्करी अंमलदार भरलेले होते. चळवळीस या शिक्षेनें जेवढें बळ दिलें तेवढें व्याख्यानांनीं दिलें नसतें. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि १९५१ मध्यें देशांतलें पहिलें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें तें याच पीक प्रदेशांत. चॅट्सवर्थचें कुरण आणि किंडरचें पठार हीं दोन्ही त्याच्या सीमेंत आलीं. मोकळ्या रानांत पायीं हिंडण्याचा पक्का हक्क मात्र २००० सालच्या कायद्यानें मिळाला.

इकडे वाड्याचेही दिवस फिरले होते. पहिल्या महायुद्धांत कोळसा व माणूसबळ मिळेना, तेव्हां काचगृहांतील झाडें थंडीनें मेलीं. १९२० सालीं तो सांगाडा सुरुंगांनीं उडवून देण्यांत आला, आणि तोही पहिल्या स्फोटास दाद देईना. दुसऱ्या महायुद्धांत वाड्यांत मुलींची शाळा भरत होती. दालनांत खाटांच्या रांगा, आणि उमरावी तसबिरींखालीं बीजगणिताचे तास, असें दृश्य तेथें जवळजवळ सात वर्षें होतें. मुलींमुळें वाड्याची नासधूस कमी झाली. पलटण उतरली असती तर काय झालें असतें, हें इतर वाड्यांवरून दिसलें. वारसदार थोरला मुलगा १९४४ सालीं बेल्जममध्यें लढाईंत पडला. १९४९ मध्यें वाडा लोकांसाठीं पुन्हा उघडला, आणि १९५० च्या नोव्हेंबरांत दहावा ड्यूक पंचावन्नाव्या वर्षीं अकस्मात् वारला. मिळकत मुलाच्या नांवें केल्यास व करणारा त्यानंतर पांच वर्षें जगल्यास वारसाकर लागत नसे. त्या मुदतीस अवघे चौदा आठवडे उरले होते. कराचा दर शेंकडा ८०. हजारों एकर जमीन, नामांकित चित्रें व ग्रंथ गेले, आणि बेसनें बांधलेला हार्डविकचा वाडा कराच्या भरण्यांत राष्ट्रास द्यावा लागला. इंग्लंडांत विसाव्या शतकांत अशा अडचणींपायीं हजाराहून अधिक वाडे जमीनदोस्त झाले. चॅट्सवर्थ उरलें तें अकरावा ड्यूक व त्याची पत्नी डेबोरा यांच्या चिकाटीमुळें, आणि टोपली घेऊन येणाऱ्या माणसाच्या तिकिटामुळें. १९८१ सालीं वाडा व बाग एका विश्वस्तनिधीकडे सोंपविण्यांत आली. तेव्हांपासून ड्यूकचें कुटुंब स्वतःच्या घरांत भाडें देऊन राहतें. कारभारणीच्या हातावर ठेवलेलें तें नाणें आतां वाड्याचें छप्पर शाकारतें. काचगृहाच्या जागीं मेंदीच्या कुंपणासारख्या झुडपांचा चक्रव्यूह लावला आहे, आणि मुलें त्यांत वाट चुकून आरडाओरडा करतात.

किंडरच्या घटनेस सत्तर वर्षें झालीं, म्हणून २००२ सालीं तेथें मोठी सभा भरली होती. तींत अकरावा ड्यूक अँड्र्यू स्वतः उभा राहिला. त्याचें वय तेव्हां ब्याऐंशी होतें. आपल्या आजोबांनीं १९३२ मध्यें जें केलें तें चूक होतें आणि आपल्या घराण्यास लाज आणणारें होतें, अशा अर्थाचें बोलून त्यानें जमलेल्या पादचाऱ्यांची जाहीर क्षमा मागितली. त्याच वर्षाच्या आरंभीं रॉथमन नव्वदाव्या वर्षीं वारला होता, त्यामुळें तें ऐकावयास तो नव्हता. वाड्यांत व बागेंत शिरावयास आजही तिकीट पडतें. पण नदीपलीकडचें कुरण मोकळें आहे, आणि उन्हाळ्यांतल्या कोणत्याही रविवारीं तेथें शेफील्डचीं कुटुंबें मेंढ्यांच्या गर्दींत चादर पसरून जेवत बसलेलीं दिसतात.